उपलब्धतेनुसार

शिकागोच्या विमानतळाजवळच्या एका हॉटेलात मी रात्री साडेअकराला पोचलो, तेव्हा पुण्यातून निघून जवळजवळ एक दिवस झाला होता. त्या हॉटेलसाखळीत मी वर्षानुवर्षं राहत आलो होतो आणि तिचा वरचा दर्जा माझ्या नावावर होता. काउंटरवरच्या मुलीनं हसून स्वागत केलं, माझ्या निष्ठेबद्दल आभार मानले आणि वरच्या श्रेणीची एकही खोली आज उपलब्ध नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली. लिफ्टची वाट पाहताना मी त्याच साखळीचं अ‍ॅप उघडलं. त्याच हॉटेलातला सुइट त्याच रात्रीसाठी विक्रीला होता. नव्वद डॉलर जादा भरा आणि घ्या.

खोली चांगलीच होती. गादी मऊ, पाणी गरम, खिडकीबाहेर शांतता. तरी झोप येईना. दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, पाठ टेकायला जागा मिळाली ना? मग?"

आईच्या त्या "मग?"ला मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढं बरेच दिवस तो प्रश्न डोक्यात राहिला. ठरलेल्या पैशांत ठरलेली खोली मिळाली असताना माणूस फसवला गेल्यासारखा का झोपतो? हा हावरटपणा आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते म्हणणं मी गांभीर्यानं घेतो. पण सगळा विचार करून मी ज्या मतावर आलो आहे ते वेगळं आहे. ही अपेक्षा पाहुण्याच्या मनात आपोआप उगवलेली नाही. ती कंपन्यांनी पेरली, तिच्या जोरावर खोल्या विकल्या, आणि ती पुरी करायची वेळ आली की "उपलब्धतेनुसार" या एका शब्दाआड त्या उभ्या राहतात.

सुरुवात कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं नियमित प्रवाशांसाठी मैल मोजण्याची योजना आणली. दोन वर्षांत, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी तीच कल्पना हॉटेलांत आणली. १९८७ मध्ये हिल्टन आणि हयात आले. हॉटेलाची रिकामी खोली हा नाशवंत माल असतो. संध्याकाळी उरलेली मेथी दुसऱ्या दिवशी निदान स्वस्तात तरी जाते. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या कोणालाच विकता येत नाही. तेव्हा वारंवार येणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथं झोपवलं, तर मालकाचा खर्च थोड्या जास्त साफसफाईचा, आणि गिऱ्हाईक आयुष्यभर नाव काढतं. सदस्य थोडे होते, रिकाम्या खोल्या पुष्कळ होत्या. भाजीवाली मावशी ओळखीच्या बाईच्या पिशवीत चार काड्या कोथिंबीर टाकते, तितकाच तो व्यवहार सरळ होता.

मग दोन्ही टोकांनी तो बदलला.

पहिलं टोक सदस्यांचं. मॅरियटनं २०१६ मध्ये स्टारवूड ही कंपनी सुमारे १,३०० कोटी डॉलरना घेतली आणि २०१९ मध्ये सगळ्या योजना एकत्र करून 'बॉनव्हॉय' हे नाव दिलं. आज तिच्या सदस्यांची संख्या वीस कोटींच्या वर आहे. त्यातले बहुतेक साधे सदस्य, हे खरं. पण वरचा दर्जा मिळवायलाही आता हॉटेलात झोपावंच लागतं असं नाही. मॅरियटचा प्लॅटिनम दर्जा रीतसर मिळवायला वर्षाला पन्नास रात्री लागतात. अमेरिकेत मात्र वर्षाला ६५० डॉलर शुल्काचं अमेरिकन एक्सप्रेसचं एक कार्ड घेतलं की तोच दर्जा घरबसल्या मिळू लागला. हिल्टनचा डायमंड दर्जाही असाच एका कार्डाबरोबर येतो. भारतात एचडीएफसी बँकेनं मॅरियटबरोबर २०२३ मध्ये कार्ड काढलं. त्याबरोबर सिल्व्हर दर्जा येतो. कार्डधारकांना द्यायचे गुण (पॉइंट्स) बँका साखळ्यांकडून मोठ्या रकमा मोजून घेतात, म्हणून कार्डं वाटण्यावर मर्यादा घालावी असं साखळ्यांना वाटण्याचं कारण नाही. सरकारनं नोटा छापत राहावं आणि बाजारात धान्य मात्र तेवढंच असावं, तसा हा प्रकार आहे. दर्जाची कार्डं हवी तितकी छापता येतात. सुइट हवे तितके बांधता येत नाहीत.

दुसरं टोक खोल्यांचं. पूर्वी जी खोली खरोखर रिकामी राहायची, ती आता शेवटच्या घटकेपर्यंत विकता येते. येण्याच्या काही दिवस आधी तुम्हाला ईमेल येतं: इतके पैसे भरलेत तर समुद्राकडची खोली, इतके भरलेत तर सुइट, हवं तर तुमची बोली सांगा. अशा विक्रीची यंत्रणा पुरवणारी नॉरवन ही कंपनी ओरॅकलनं २०२० मध्ये विकत घेतली. पुष्कळ हॉटेलांचा रोजचा हिशेब ज्या संगणकप्रणालीवर चालतो, तीही ओरॅकलचीच. म्हणजे वरची खोली फुकट देण्याआधी तिला गिऱ्हाईक शोधणं हे आता हॉटेलाच्या यंत्रणेच्या अंगातच भिनलं आहे.

तीनशे खोल्यांचं एक हॉटेल मनात धरा. त्यात पंधरा सुइट. मंगळवारी सकाळी फ्रंट ऑफिसचा व्यवस्थापक येणाऱ्यांची यादी काढतो. पंधरांतले सात विकले गेले आहेत, एकात गळती आहे, एक लग्नाच्या पार्टीसाठी अडकवला आहे. उरले सहा. यादीत वरच्या दर्जाचे पाहुणे चाळीस. शिवाय साध्या खोल्या त्यानं क्षमतेपेक्षा जास्त विकून ठेवल्या आहेत, कारण काही लोक येत नाहीत हा रोजचा अनुभव; आज सगळे आले तर कोणाला तरी वर सरकवूनच जागा करावी लागणार. म्हणजे पाहुणा ज्याला आपला मान समजतो, ती पुष्कळदा हॉटेलाची त्या दिवसाची अडचण असते. या सहा सुइटांचं वाटप कोणत्या नियमानं झालं, हे चाळीसजणांपैकी एकालाही कधी कळत नाही.

इथं माझा पहिला मुद्दा आहे. सहा सुइट आणि चाळीस पाहुणे असतील, तर चौतीस जणांना नाही म्हणावंच लागेल. त्याला कोणाचाच इलाज नाही आणि कोणी शहाणा माणूस त्यावर भांडणार नाही. भांडण आहे ते न दिसणाऱ्या रांगेचं.

योजनांचे नियम बारकाईनं वाचले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. मॅरियटच्या प्लॅटिनम पाहुण्याला काही गोष्टींची हमी आहे. आगाऊ नोंदणी करूनही खोलीच मिळाली नाही, तर दुसरीकडे सोय आणि वर भरपाई. पोचल्यावर द्यायची छोटी भेट दिली नाही, तर त्याचीही ब्रँडप्रमाणे ठरलेली रक्कम. वचन मोडलं तर किती मोजायचे, हे तिथं डॉलरमध्ये लिहिलेलं आहे. वरच्या खोलीचं कलम मात्र सैल आहे. ती पोचण्याच्या वेळच्या उपलब्धतेवर अवलंबून, आणि उपलब्ध काय हे ठरवणार ते ते हॉटेल. वरच्या मजल्यावरची किंवा कोपऱ्यातली तीच साधी खोली दिली तरी वचन पाळलं गेलं. जिथं बांधून घ्यायचं होतं तिथं कंपनीला नेमकी भाषा सापडली आहे. जाहिरातीत सुइटचं छायाचित्र असतं आणि नियमांत मात्र कोपऱ्यातली खोली पुरते, याला अपघात म्हणायला माझं मन तयार नाही.

या सैलपणाचं मूळ हॉटेलधंद्याच्या रचनेत आहे, आणि ते बहुतेक पाहुण्यांना ठाऊक नसतं. दारावर ज्या साखळीचं नाव, इमारत सहसा तिची नसते. मुंबईत सहारचं जेडब्ल्यू मॅरियट आणि पवईचं वेस्टिन या चॅले हॉटेल्स या कंपनीच्या इमारती आहेत. सांताक्रूझचं ग्रँड हयात जुनिपर हॉटेल्सचं आहे. साखळी नाव देते, व्यवस्थापन करते किंवा नुसता परवाना देते, आणि त्याबद्दल मालकाकडून शुल्क घेते. सदस्ययोजनेचा खर्चही मालकाच्या बिलात येतो. आता पाहा: सुइटचं वचन साखळीनं दिलं, त्या वचनावर कार्डं साखळीनं विकली, आणि सुइट द्यायचा मालकानं. त्याच्या दृष्टीनं तो सुइट म्हणजे आज रात्री विकता येईल असा माल. दुसऱ्याच्या घरच्या पंगतीचं आमंत्रण तिसऱ्यानं वाटावं, तसं हे आहे. यजमान पानं कमी मांडतो, तर पाहुण्याला वाटतं की आपला अपमान झाला. यजमान म्हणतो, मी बोलावलंच कुठं होतं?

मानपान हा शब्द आपल्याकडे लग्नामुळं सगळ्यांना कळतो. याद्या करताना हुंडा नको, काही नको म्हणतात, आणि मग आत्याबाईंना साडी हलकी मिळाली म्हणून वर्षानुवर्षं अबोला राहतो. मानपान म्हणजे न बोललेला हक्क. मागायचा तर लाज वाटते, नाही मिळाला तर सल राहतो. हॉटेलसाखळ्यांनी नेमकी हीच अवस्था घडवून विकायला ठेवली आहे. सरळ हक्क असता तर पाहुणा तो दाखवून घेऊ शकला असता. निव्वळ सौजन्य असतं तर न मिळाल्याचं दुःख झालं नसतं. मधल्या संदिग्ध जागेत मात्र माणूस वर्षभर आशेवर राहतो, आणि आशेवर असलेला माणूस पुढची नोंदणी त्याच साखळीत करतो.

आशेची ही ओढ किती पक्की असते, हे जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए ड्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात दिसलं. मोटारी धुण्याच्या ठिकाणी तीनशे गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांना आठ शिक्के जमवायचे होते. उरलेल्यांना दहा, पण त्यातले दोन आधीच मारून दिले होते. मेहनत दोघांची सारखीच, आठ वेळा गाडी धुणं. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्क्यांनी. आपण वाटेत आहोत, एवढ्या भावनेनं माणूस चालत राहतो. पायऱ्यापायऱ्यांचे दर्जे आणि "अजून फक्त सहा रात्री" असे संदेश यांचं बळ यातच आहे.

मीही असा चालत राहिलो. माझ्याविरुद्धचा सर्वांत खरा आक्षेप हाच आहे, आणि तो आईनं नव्हे, माझ्याच एका सहकाऱ्यानं घेतला. रात्री मी झोपतो, पैसे माझी कंपनी भरते, आणि गुण माझ्या खात्यात जमा होतात. ग्राहकाच्या कार्यालयापासून चालत जाण्याजोगं, स्वस्त हॉटेल सोडून मी चाळीस मिनिटांवरच्या "माझ्या" साखळीत राहिलो आहे, तेही अनेकदा. टॅक्सीचं भाडंही कंपनीनंच भरलं. हे मला आज बरोबर वाटत नाही. पुण्यातून आणि हिंजवडीतून अमेरिकेत प्रकल्पांवर जाणाऱ्या आमच्यासारख्या हजारोंनी स्वतःला हा प्रश्न विचारायला हवा. पण याच्याकडे दुसऱ्या बाजूनंही पाहा. कर्मचाऱ्याला त्याच्या मालकाच्या पैशानं महाग खोली घ्यायला लावणं, हाच या योजनांचा मोठा धंदा आहे. म्हणजे वचन खरं असतं तरी त्यात एक खोट होती. वचन पोकळ असल्यावर तर कंपनीचे पैसेही गेले आणि कर्मचाऱ्याच्या हातीही काही आलं नाही.

या सगळ्याची किंमत चुकवते ती काउंटरवरची मुलगी. आर्ली हॉकशील्ड यांचं 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक १९८३ मध्ये आलं, हॉटेलांच्या या योजना सुरू झाल्या त्याच वर्षी. डेल्टा विमान कंपनीच्या हवाई सेविकांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की हसणं, राग गिळणं, समोरच्याला बरं वाटेल असं वागणं हे सुद्धा श्रम आहेत आणि ते पगारात विकत घेतले जातात. रात्री साडेअकराला काउंटरवर उभी असलेली मुलगी ना सुइटची किंमत ठरवते, ना दर्जाची कार्डं छापते. सकाळी दुसऱ्या कोणी खोल्या वाटून टाकलेल्या असतात. तरीही "उपलब्ध नाही" हे खोटं ठरू शकणारं वाक्य तिच्याच तोंडून वदवलं जातं, आणि थकलेल्या माणसाचा संताप तिच्याच अंगावर येतो. मी अनेक प्रवाशांना त्या काउंटरवर आवाज चढवताना पाहिलं आहे. त्यांत मराठीत बोलणारेही होते. वचन देणारा दूर बसलेला असतो आणि हात जवळच्या माणसावर पडतो, हे मला या प्रकारातलं सर्वांत वाईट वाटतं.

दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर आहे. भारतीय रेल्वेनं २००६ पासून आपोआप वरच्या वर्गात जागा देण्याची योजना चालवली आहे. तिकीट काढताना त्याची संमती द्यायचा एक चौकोन असतो. पूर्ण भाडं भरलेल्या प्रवाशाला वरच्या वर्गात जागा रिकामी असेल, तर चार्ट बनताना संगणक तिथं नेतो, जादा पैसे न घेता. त्यामागचं कारणही लपवलेलं नाही: वरच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि खाली प्रतीक्षायादीतल्या लोकांना बर्थ मिळावा. यासाठी टीसीशी हुज्जत घालणारा प्रवासी मी पाहिलेला नाही. नाव चार्टवर आहे किंवा नाही. रेल्वेच्या कारभारात शंभर उणिवा असतील, पण प्रतीक्षायादीत आपला क्रमांक बारावा की बासष्टावा हे तिकिटावर छापलेलं असतं, म्हणून रेल्वेत जागा न मिळालेला माणूस हळहळतो, अपमानित होत नाही. हॉटेलाच्या अ‍ॅपवर मला माझे गुण शेवटच्या आकड्यापर्यंत दिसतात. रांगेतला क्रमांक दिसत नाही.

साखळ्यांनाही हे अशक्य नाही. हयात आपल्या वरच्या दर्जाच्या सदस्यांना काही ठरावीक सुइट-सवलती देतं, आणि पात्र हॉटेलात साधा सुइट मोकळा असेल तर त्या नोंदणीच्या वेळीच वापरता येतात. सवलत वापरली की सुइट पक्का; पोचल्यावर नशीब आजमावायचं नाही. हयात लहान साखळी आहे, तिला ते सोपं जातं, हे मान्य. पण मग मोठ्या साखळीनं कमी वचनं द्यावीत. वीस कोटी लोकांना आशा वाटत सुटणं हा काही निसर्गाचा नियम नाही.

कायद्याकडे पाहिलं तर अमेरिकेतलं चित्र निराश करणारं आहे. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सनं २००८ मध्ये बिन्योमिन गिन्सबर्ग या रब्बींचा वरचा दर्जा काढून घेतला. तुम्ही फार तक्रारी करता, हे कारण. योजनेच्या नियमांत असा निर्णय कंपनीच्या एकटीच्या मर्जीवर ठेवलेला होता. कंपनी सद्भावनेनं वागली नाही, हा त्यांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१४ मध्ये एकमतानं अमान्य केला, विमानसेवेच्या १९७८च्या कायद्याचा आधार घेऊन. तो कायदा हॉटेलांना लागू नाही, पण "आमच्या मर्जीनुसार" या शब्दांची ताकद त्या खटल्यानं दाखवून दिली. पुढं सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या वाहतूक खात्यानं चार मोठ्या विमान कंपन्यांकडे त्यांच्या अशा योजनांचा तपशील मागितला. प्रश्न निदान विचारला गेला.

आपल्याकडे साधनं जास्त चांगली आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अनुचित करार" ही व्याख्या आली आहे. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणाऱ्या आणि त्याला तोट्यात टाकणाऱ्या एकतर्फी अटींविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेरा प्रकारच्या फसव्या ऑनलाइन रचनांना मनाई केली. एक गोष्ट दाखवून दुसरीच पदरात टाकणं हा त्यांतला एक प्रकार. काउंटरवर "उपलब्ध नाही" आणि अ‍ॅपवर "आत्ता घ्या" हा प्रकार या चौकटीत बसतो की नाही, हे एखाद्या ग्राहक संघटनेनं तपासून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सुइट विकण्यासाठी राखून ठेवायचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. तो "विक्रीसाठी ठेवला आहे" असं सांगावं. "नाही" असं सांगू नये.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक साखळीनं दर महिन्याला, हॉटेलनिहाय, कोणत्या दर्जाच्या किती पाहुण्यांना वरची खोली देणं लागत होतं आणि किती जणांना दिली, हे जाहीर करावं. आकडा शंभरात तीन असेल तर तीन लिहावा. मग मी माझ्या रात्री कुठं घालवायच्या ते डोळे उघडे ठेवून ठरवीन, आणि तीनचा आकडा माहीत असताना चौथा राहिलो तर माझी तक्रार नसेल. हे आकडे त्यांच्या संगणकात आहेत. ते बाहेर आले तर कार्डं कमी विकली जातील, म्हणून ते बाहेर येत नाहीत, असं माझं मत आहे.

आईच्या "मग?"चं उत्तर मी तिला गेल्या महिन्यात दिलं. पाठ टेकायला जागा मिळाली होती, पण ती देताना माझ्याशी खरं बोललं गेलं नव्हतं, असं तिला सांगितलं. तिला ते पटलं.

तुमच्याकडे असं एखादं कार्ड असेल, तर पुढच्या वेळी काउंटरवरच्या माणसाशी वाद घालू नका. खोलीत जा, झोपा, आणि सकाळी कंपनीला एक पत्र लिहा. त्यात एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी या हॉटेलात माझ्या दर्जाच्या किती पाहुण्यांना वरची खोली मिळाली? मी माझं पत्र पाठवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.